मालाच्या बाजूचा माणूस

पुण्यात गिऱ्हाइकाला हाकलून लावणारे दुकानदार पैशाला पासरी मिळतील. पण गिऱ्हाइकाविरुद्ध मालाची बाजू घेऊन भांडणारा दुकानदार मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. कसबा पेठेत, तांबटांची ठोकाठोक ऐकू येईल इतक्या अंतरावर एका बोळात जुन्या वस्तूंची तीन दुकानं होती. एकात घड्याळं, एकात लाकडी सामान आणि तिसऱ्यात उरलेलं सगळं जग. म्हणून पहिले घड्याळवाले, दुसरे खुर्चीवाले आणि हे नुसतेच जुनेवाले. त्या बोळात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. मी बँकेत चाकरीला होतो, तरी तिथं माझं नाव ‘दौतवाले’ पडलं होतं, कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एक पितळी दौत मागितली होती. ती मला मिळाली नाही. ‘तुम्ही बॉलपेननं लिहून राहिले,’ माझ्या खिशाकडं बोट दाखवून जुनेवाले म्हणाले, ‘दौत उपाशी मरन जी.’ मी चिडून निघालो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. पुढं सात वर्षं दर शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी त्या दुकानातल्या एका मोडक्या स्टुलावर जाऊन बसत होतो. स्टूलसुद्धा मला त्यांनी विकलं नाही.

माणूस मूळचा नागपूरचा. तरुणपणी पिंपरीकडच्या एका कारखान्यात ओतकामाला लागला. उदारीकरणाच्या नव्या वाऱ्यात तो कारखाना बंद पडला, बरोबरीचे लोक गावी परतले, बायको आधीच गेलेली आणि मुलगी नागपुरात शाळामास्तरीण. त्यांनी मात्र पुणं सोडलं नाही. वीस-बावीस वर्षांत पुण्यानं त्यांच्या बोलण्यातला ‘जी’ काही काढून घेतला नाही आणि त्यांनीही पुण्याकडून टोमणे मारायची कला घेतली नाही, त्यामुळे बोळात त्यांचं कसं होणार याची सगळ्यांना काळजी असे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं आणि पितळ घासून घासून कायमची काळी पडलेली बोटं. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी नखानं टिचकी मारत, मग कान लावत, मग वास घेत आणि मग चुलत भावाची ओळख करून द्यावी तशी तिची ओळख करून देत. त्यांनी वस्तू चाटूनही पाहिल्या असत्या, पण एकदा घड्याळवाल्यांनी ‘मीठ आणू का?’ असं विचारल्यापासून तेवढं राहून गेलं.

एकदा संगणकाच्या कंपनीतलं एक नवराबायकोचं जोडपं आलं. बाणेरला नवा फ्लॅट. तांब्याचं घंगाळ पाहून मुलगी हरखली. दाराशी छत्र्या ठेवायला किती मस्त दिसेल, म्हणाली. जुनेवाले स्टुलावरून उठले. ‘माणसं किती जी घरी?’ ‘दोघंच.’ ‘आणि छत्र्या?’ मुलीनं नवऱ्याकडं पाहिलं. ‘दोन.’ ‘मग दोन छत्र्यांसाठी अख्खं घंगाळ कायले? खुंटी घ्या ना. आहे माझ्याकडं.’ यात तीन पिढ्यांनी आंघोळी केल्यात, हेही त्यांनी सांगितलं. तरी पोरगी हट्टाची. तेव्हा त्यांनी आपला नियम काढला. कुठलीही मोठी वस्तू द्यायच्या आधी ते घर पाहून येत. मुलीच्या बापानं स्थळ पाहावं तसे ते मोपेडवर बसून बाणेरला गेले, चहा पिऊन आले आणि आम्हाला म्हणाले, ‘घर चांगलं आहे. पण पोरगी दिवसभर ऑफिसात, पोरगा रात्रपाळीला. घंगाळाशी बोलन कोण?’ ते जोडपं अखेर खुंटी घेऊन गेलं, आणि गंमत म्हणजे नंतर दिवाळीला त्यांना फराळ द्यायला आलं.

पण दुकानाची खरी ख्याती मागच्या फळीमुळं होती. त्या काळात पुण्यातले वाडे पडत होते आणि मुलं अमेरिकेला जात होती. इकडं फ्लॅट, तिकडं अमेरिका आणि मधल्यामधे देव अडकले. फ्लॅटच्या कोनाड्यात दोन देव मावत, घरात असत अकरा. परदेशी जाणाऱ्या सासूला सूनबाई फोनवर सांगे, वजन फार होतं, आई. देव मोडीत घालायला कुणाचा जीव होत नसे, नदीत सोडायला धीर होत नसे. ते सगळे जुनेवाल्यांकडं येत. विकायला नव्हे, ठेवायला. ‘परत येऊ तेव्हा नेऊ,’ असं म्हणून लोक जात, आणि हे फळीवर जागा करत.

आणि हा माणूस बौद्ध. वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली. दुकानात गल्ल्यामागं बुद्धाची तसबीर, बाकी घरी देव नाही की देव्हारा नाही. फळीवरच्या देवांना त्यांनी कधी फूल वाहिलं नाही, उदबत्ती दाखवली नाही, हातही जोडला नाही. फक्त दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना खाली उतरवून ते चिंच-मिठानं असे घासत, की मूळ घरी असताना त्या देवांनी आपलं तोंड एवढं लख्ख कधी पाहिलं नसेल. घड्याळवाल्यांनी एकदा डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं, ‘देव मानत नाही म्हणता, आणि एवढी सेवा कुणाची चालल्ये?’ जुनेवाले हातातली अन्नपूर्णा पुसत म्हणाले, ‘देव नाही मानत जी. पण देताना माणूस रडला होता ना, ते मानतो.’ घड्याळवाल्यांना उत्तर सुचलं नाही. मी ती घटना पाहिली आहे, म्हणून सांगतो. पुण्यात असं वारंवार होत नाही.

प्रत्येक देवाच्या कमरेला दोऱ्यानं एक घडी घातलेली चिठ्ठी बांधलेली असे. तिच्यात देव कुणाचा, नैवेद्य काय लागतो आणि घर कसं, एवढं लिहिलेलं. घर पाहिल्याशिवाय ते ठेवही घेत नसत. ‘घर पाहिलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, सून हसतमुख.’ ‘घर पाहिलं. सामान बांधलेलं. आजोबा कुणाशी बोलले नाहीत.’ अशी ती वाक्यं. अंगावरची खूण मात्र ते कधीच लिहीत नसत. ‘खूण मालकाच्या हातात राहते,’ म्हणत. मालक न्यायला आला की ते तीन सारखे देव शेजारी मांडत, चिठ्ठ्या बंदच. मालकानं आपला उचलायचा, मग चिठ्ठी उघडायची, नाव जुळलं की देव घरी. आणि गंमत अशी, की सगळे बाळकृष्ण एकाच आईच्या पोटचे दिसत असूनही कुणाचाही हात कधी चुकला नव्हता.

आमचं शनिवार पेठेतलं दोन खणांचं बिऱ्हाड सुटलं आणि कर्वेनगरचा फ्लॅट काही केल्या तयार होईना, तेव्हा आई नाशिकला माझ्या बहिणीकडं गेली आणि आम्ही सासुरवाडीला. लेकीच्या सासरी आपला देव कसा न्यायचा, म्हणून आई अडून बसली. मी आमचा बाळकृष्ण जुनेवाल्यांकडं ठेवला. आईला काय सांगितलं? बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या देव्हाऱ्यात ठेवलाय, रोज पूजा होते. खरं सांगायला कुणी हात धरला नव्हता. आईला चालणार नाही हे मी आईला न विचारताच ठरवून टाकलं होतं. आता वाटतं, ते न चालणं माझंच होतं, आईच्या नावावर मी ते खपवलं. जुनेवाल्यांनी विचारलं, ‘घर पाहायला कधी येऊ?’ मी म्हणालो, बिऱ्हाड हललंय, नव्या घरी या. ते म्हणाले, ‘चालन जी.’ त्यांच्या नियमातून सूट मिळालेला मी पहिला माणूस, आणि याचा मला अभिमानही वाटला होता.

अकरा महिन्यांनी फ्लॅट झाला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी बाहेर रिक्षा थांबवून दुकानात घुसलो. नेमका घासायचा रविवार. अकरा बाळकृष्ण वर्तमानपत्रावर वाळत ठेवलेले आणि त्यांच्या चिठ्ठ्या ताटलीत क्रमानं लावलेल्या. तेवढ्यात गेलेली वीज आली, छतावरचा पंखा गरगरला आणि ताटलीतल्या चिठ्ठ्या दुकानभर झाल्या. जुनेवाले टेबलाखाली शिरून एकेक वेचू लागले. ‘आज नका नेऊ जी,’ ते खालूनच म्हणाले, ‘उद्या या. चिठ्ठ्या लावून घेतो.’ मी म्हणालो, ‘अहो, उद्या वास्तुशांत आहे. आणि आमचा देव मला ओळखू येणार नाही का?’ ‘नक्की का जी?’ ‘शंभर टक्के,’ मी म्हणालो आणि तिसरा उचलला. त्यांनी टेबलाखालून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. उरलेल्या दहा चिठ्ठ्या त्यांनी उरलेल्या दहांना हातांच्या आठवणीनं बांधल्या.

पुढं दीडेक वर्षानं एके शनिवारी दुकानात एक काकू आल्या. मुलाकडं अमेरिकेला गेलेल्या. यजमान तिकडंच वारले, यांचं मन रमेना, म्हणून एकट्या परतून कर्वेनगरच्याच बाजूला एका वृद्धनिवासात खोली घेतलेली. ‘सगळं तिकडंच टाकून आले,’ त्या म्हणाल्या, ‘एवढा एक घ्यायचा होता.’ जुनेवाल्यांनी मोठ्या उत्साहानं तीन बाळकृष्ण मांडले. काकूंनी एकेकाच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ‘यात नाही हो.’ त्यांनी उरलेले तीनही मांडले. काकूंनी पुन्हा अंगठा फिरवला. ‘माझ्या आईनं आणि मी मिळून सत्तर वर्षं न्हाऊ घातलाय. डावा गुडघा सपाट झालाय त्याचा. यातला एकही नाही.’ त्यांच्या नावाची चिठ्ठी तर एका बाळकृष्णाच्या कमरेला होती, आणि त्याचा गुडघा चांगला गोल गरगरीत होता. जुनेवाल्यांनी ती चिठ्ठी उलगडून पुन्हा पुन्हा वाचली. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ‘असू दे. सापडला की कळवा,’ आणि हळूहळू पायऱ्या उतरल्या.

मग आमच्या बोळात गुप्तहेर खातं उघडलं. मुख्य तपास अधिकारी अर्थातच मी. काकूंचा बाळकृष्ण जुना, कुणीतरी तो बदलून नेला, हा माझा सिद्धान्त. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून सहाही बाळकृष्णांचे गुडघे तपासत बसले आणि ‘चौथ्याला संधिवात आहे’ असा अहवाल दिला. खुर्चीवाल्यांनी अलीकडं एका हॉटेलाला सजावटीचा माल दिला होता, त्यात एक रांगती मूर्ती होती, एवढ्यावरून मी त्यांची उलटतपासणी घेतली. ते इतके दुखावले की महिनाभर त्यांनी आमचा चहा घेतला नाही. ती मूर्ती निघाली कासवाची. शेवटी जुनेवालेच म्हणाले, ‘गल्लीत चोर नका पाहू जी. चोर नाही. चूक आहे. माझ्याच हातानं झाली असन.’

ते बदलत गेले. विक्री तर ते आधीही करत नव्हतेच. आता ते भांडेनातही. कुणी घंगाळ मागितलं तर ‘न्या’ म्हणत. काकू दर गुरुवारी येत, स्टुलावर बसत, काही विचारत नसत, पाणी पिऊन जात. आणि त्या गेल्यावर जुनेवाले कितीतरी वेळ आपल्या हातांकडं बघत राहत. त्या पंख्याच्या दिवसानंतर ज्या चार घरी बाळकृष्ण गेले होते, तिथं आम्ही रविवारी त्यांच्या मोपेडवरून गेलो. मी मागं बसून दिशा दाखवायचो, ते दारात उभे राहून म्हणायचे, ‘सहज आलो जी, याला पाहायला.’ कोथरूडला बाळकृष्ण संगणकावर बसला होता, सहकारनगरला लोकरीची टोपी घालून होता. चारही जागी गुडघे गोल. परतताना मी म्हणालो, ‘आमच्याकडं बघायचा प्रश्नच नाही. आमचा मी ओळखून आणलाय.’ ते म्हणाले, ‘तुमच्यावर कोण शंका घेते जी.’ त्या वेळी आम्ही कर्वेनगरवरूनच जात होतो. माझं घर डावीकडं गेलं. मी दिशा दाखवली नाही.

मग काकू पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, गुरुवारचं येणं थांबलं. त्या आठवड्यात एका दुपारी जुनेवाले माझ्या घरी आले. पत्ता त्यांना घड्याळवाल्यांकडून मिळाला. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली माझ्या वास्तुशांतीची पत्रिका होती. घड्याळवाल्यांना मी पत्रिका दिली होती. खुर्चीवाल्यांनाही दिली होती.

मी बँकेतून घरी पोचलो तर स्वयंपाकघरात ओट्याशी आई आणि जुनेवाले उभे. ताम्हनात दोन बाळकृष्ण. आईचा अंगठा एकाच्या टाचेवर. ‘हा आमचा,’ आई म्हणाली, ‘टाचेला खळगा आहे, माझ्या सासूबाईंच्या हातून पाट्यावर पडला होता.’ तो त्यांनी पिशवीतून आणलेला, काकूंची चिठ्ठी कमरेला असलेला. दुसरा, सपाट गुडघ्याचा, दीड वर्षाहून जास्त आमच्या देव्हाऱ्यात लोणी-साखर खात होता. ‘तुला कळलं होतं?’ मी आईला विचारलं. ‘पहिल्याच आंघोळीला,’ आई म्हणाली. ‘म्हटलं, बोलले तर तू जाऊन त्या माणसाशी भांडशील. चुकून आलाय तर राहू दे, कुणाचा तरी असेलच की.’ घरात मी त्या तपासाचा शब्द काढला असता, तर प्रकरण पहिल्याच दिवशी संपलं असतं. पण तो शब्द काढायचा तर जुनेवाले कोण हे सांगावं लागलं असतं.

‘आणि हे बँकेतले तुझे मित्र इतके सज्जन,’ आई पुढं म्हणाली, ‘घरी कधी आणलं नाहीस ते?’ जुनेवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. फळीवरच्या प्रत्येक वस्तूचं खरं घर लिहून ठेवणारा तो माणूस माझ्या आईला म्हणाला, ‘बँकेत काम फार जी. सवड होत नाही.’

आम्ही रिक्षानं काकूंकडं गेलो. त्या पलंगावर होत्या. त्यांच्या हातात बाळकृष्ण दिला, अंगठा गुडघ्यावर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी विचारलं, ‘कुठं होता हो इतके दिवस?’ जुनेवाले म्हणाले, ‘चांगल्या घरी होता जी. रोज पूजा होत होती.’ काकू रडल्या, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते वेगळ्या कारणानं. बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, ‘चूक माझी जी. चिठ्ठी उघडल्याबिगर द्यायला नको होता.’ मग खिशातून एक घडी काढून माझ्या हातात ठेवली. ‘तुमची. त्या दिवशी द्यायची राहिली. आता ओळख पटली, आता उघडा.’ मी ती उघडली नाही. तिच्यात माझी घाई लिहिलेली असणार, असं मला वाटलं. पाकिटात सारली.

घरी आल्यावर आई म्हणाली, ‘बँकेतला नव्हता तो. बँकेतल्या माणसाची बोटं पितळेनं काळी होत नाहीत. मला घाबरून एवढं खोटं बोलायला मी काय वाघ आहे? पुढच्या रविवारी जेवायला बोलाव त्यांना.’ मी हो म्हणालो. पण पुढच्या रविवारी बँकेत संगणक बसत होते, त्याच्या पुढच्या रविवारी लग्न होतं, मग मार्चअखेर आली. खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. शनिवारही चुकायला लागले. त्याच सुमारास जुनेवाल्यांनी फळीवरचे सगळे देव एकेक करून घरोघरी पोचते केले. ज्यांची माणसं सापडली नाहीत, ते जवळच्या देवळात दिले. ‘हात चुकला. आता ठेवून घेत नाही,’ असं ते म्हणाल्याचं घड्याळवाल्यांनी मला सांगितलं. एका सकाळी त्यांचं दुकान उघडलं नाही. झोपेतच गेले.

मुलगी नागपूरहून आली होती. विहारात वंदना झाली. आम्ही तिघं दुकानदार, म्हणजे दोन दुकानदार आणि मी, मागं उभे होतो. घड्याळवाल्यांनी त्या दिवशी कुणालाही टोमणा मारला नाही. घरी आलो, देव्हाऱ्यापुढं बसलो आणि पाकिटातली ती घडी उघडली. कारखान्यातल्या पाट्या रंगवाव्यात तसलं त्यांचं गोल, सावकाश अक्षर. घाईचा त्यात एक शब्दही नव्हता. ‘बाळकृष्ण. शनिवार पेठ. लोणी-साखर. घर मित्राचं. अजून पाहिलं नाही. बोलावतील.’

‘काय लिहिलंय रे?’ आईनं आतून विचारलं. मी वाचलं. ‘मोठ्यानं वाच, मला ऐकू नाही आलं,’ आई म्हणाली. मोठ्यानं मला वाचता आलं नाही.